उपासाला चालतं

खांबेटे सर एकादशीला सव्वाआठला येतात,
छत्री कोपऱ्यात टेकवतात, पाऊस असो-नसो,
आणि म्हणतात, "एक प्लेट. दाणे जास्त, गप्पा कमी."
गप्पा मग तेच मारतात.

जन्मभर कॉलेजात झाडं शिकवली त्यांनी.
आता शिकवायला मी उरलेय,
आणि शेजारचा सायकलवाला मुनाफ,
पंक्चर पाण्यात बुडवून
बुडबुड्यांकडे डोळे, कान आमच्याकडे.

"हा साबुदाणा," सर म्हणाले
चमच्यावर एकच मोती तोलत,
"कशाला लागतो, सांगा."
म्हटलं, पोत्याला लागतो. मार्केटयार्डात.
हसले. कंद असतो म्हणे, जमिनीखाली,
मूळचा ब्राझीलकडचा,
आणि कच्चा खाल्ला तर विष.

माझं उलथणं कढईतच थांबलं.
बावीस वर्षं नारायण पेठेतल्या पुण्यवान माणसांना
मी हे काय वाढतेय?

"घाबरू नका, बनवताना निघून जातं ते.
बटाटाही तिकडचाच. मिरची तिकडची.
दाणेसुद्धा तिकडून जहाजात बसून आले.
आणि गंमत म्हणजे दाणा हा डाळींच्या घरातला,
तुरीचा लांबचा चुलतभाऊ.
वरण चालत नाही तुम्हाला उपासाला,
आणि ह्याचं कूट मूठमूठ!"

फूल वर उमलतं म्हणे, उन्हात,
मग देठ खाली वाकतो, मातीत घुसतो,
आणि शेंग अंधारात भरते.
"लाजतं का?" मुनाफनं विचारलं.
सरांनी ह्यावर बराच विचार केला.
"वनस्पतिशास्त्रात तसं लिहिलेलं नाही," म्हणाले.

आणि पाखरांना मिरची झोंबतच नाही.
तिखट त्यांना कळतच नाही.

म्हणजे चडचणला आमच्या पडवीत
तो मिठू लाल मिरची कुरकुर चावायचा,
अख्खी गल्ली बघायला जमायची,
अप्पा त्याला पैलवान म्हणायचे,
आणि त्या लबाडाला काही लागतच नव्हतं!
इतक्या वर्षांनी, उकळत्या तुपापाशी उभी राहून
मी एका मेलेल्या पोपटावर चिडले.

"आणि वांगं हो?"
"वांगं इथलंच. अस्सल आपलं."
"मग चातुर्मासात त्यालाच का बंदी?"
सरांनी दही कालवलं. परत कालवलं.
श्रावणातली एकादशी होती ती,
आणि मी पहिल्यांदाच त्यांना
उत्तर न देता खाताना पाहिलं.

तेवढ्यात समोरच्या नव्या इमारतीतल्या बाई आल्या,
पार्सल घेतलं, झाकण उघडून बघितलं,
"मोकळी झालीये हं छान," म्हणाल्या,
आणि मान जरा कलती करून,
"तुमच्या बोलण्यात थोडंसं... तुम्ही मूळच्या कुठल्या?"

तीस वर्षं.
रेशनकार्डावर हाच पत्ता.
दोन्ही पोरं ह्याच पेठेतल्या शाळेत
मार खाऊन मोठी झाली.
सासरे इथल्याच घाटावर नेले.
तरी एखादा 'ळ' अजून कानडी हेल काढतो
आणि लोकांना बरोबर ऐकू येतो.

"बटाट्याच्या गावची," मी म्हटलं.

बाई हसल्या, कुठे हसायचं ते न कळून,
सुट्टे मोजून घेतले आणि गेल्या.
सरांना ठसका लागला. खरा ठसका,
माणसाला मिरची झोंबते तसा.
मुनाफनं पाणी दिलं, पाठ थोपटली.

मग सरांनी छत्री घेतली.
पायरीवर घुटमळले.
"उद्या द्वादशीला घरी काय करताय?"
"भरली वांगी. काटेरी, देठासकट.
आमच्यात चातुर्मास कुणी धरत नाही."

इकडे बघितलं. तिकडे बघितलं.
आवाज एकदम खाली आणून म्हणाले,
"डबा पाठवाल?
आमच्या घरी मात्र बोलू नका."