तांबटाचं पान

गेसो परवडत नाही, म्हणून पहिला हात भिंतीच्या पुट्टीचा.
त्याखाली दुधाचा हिशेब, एकोणीसशे ब्याण्णव,
आईच्या अक्षरात: एक, एक, दीड, खाडा, एक.
पुट्टी वाळली तरी आकडे नीट बुडाले नाहीत,
दीडाचं शेपूट वर तरंगत राहिलं.
राहू दिलं.

तीन रविवार चाललंय हे पान,
कन्नमवारनगरात, ओट्याच्या कडेला,
डावीकडे डाळींचे डबे, उजवीकडे ब्रश.
पक्षी समोरच्या उंबरावर असतो.
दिसत नाही, नुसता वाजतो,
टुक् टुक् टुक्,
लांब कुणी भांड्याचा पोचा काढत बसल्यासारखा.

"कल्हईवाला आलाय गं," आई आतून,
"पातेली काढ, दाराशी ठेव."
घरात पितळ नाही.
शेवटचा हंडा मोडीत गेला तेव्हा मी दहावीत होते.
"काढते," म्हणते मी
आणि हिरवा कालवत बसते.

हिरवा काही केल्या जमेना.
ट्यूबमधला फार शिकलासवरलेला वाटत होता.
शेवटी जुन्या ब्लाउजचं अस्तर उसवलं,
धुऊन धुऊन विटलेलं,
तोच निघाला पंखांचा रंग.
गळ्याखालचा पिवळा सापडला औषधाच्या खोक्यावर;
'रात्री झोपण्यापूर्वी एक'
एवढं कातरून टाकलं.

पाय तांब्याचे.
कुर्ल्याच्या मोटर वाइंडिंगवाल्या इस्माईलभाईंनी
मूठभर जळकी तार दिली, पैसे घेतले नाहीत.
"पंखा दुरुस्त करताय?"
"नाही, पक्षी."
हसले नाहीत ते.
तार परत घेतली, दुसरी दिली.
"मग ही बारीक गेजची न्या."

चोच काळ्या शाईची. चोचीच्या मुळाशी मिशा,
ब्रशचे गळालेले केस चिमट्याने एकेक लावले,
त्यात मान आखडली, आमटी लागली.

आता राहिला कपाळावरचा लाल.
लाल काय, बाजारात ढिगाने.
पण मोरीच्या आरशावर आईच्या टिकल्या,
आंघोळीआधी काढून चिकटवलेल्या,
आंघोळीनंतर विसरलेल्या,
रुपयाएवढ्या, काल मोजल्या तर अकरा.
एक नखाने सोडवली.
पाठीला डिंक नव्हताच,
वर्षानुवर्षं उडालेल्या पाण्याचा
नुसता पांढरा राप.
फेव्हिकॉलचा थेंब टाकला,
अंगठा दाबून शंभरपर्यंत मोजलं.

झालं.
मागे सरकून पाहिलं
तर तांबट माझ्याकडे बघतच नव्हता,
मोरीच्या दाराकडे बघत होता.

दारात आई. हात पदराला पुसत जवळ आली,
पानावर वाकली.
खूप वेळ वाकून राहिली,
मला वाटलं, पक्षी ओळखतेय.
"ही माझी," म्हणाली
आणि टिकली उचकटली.
तिच्याबरोबर पुट्टीचा पापुद्रा आला,
तो तिने फुंकरीने उडवला,
टिकली कपाळावर ठेवली, जरा डावीकडे, तिरकी,
कडेने ओला फेव्हिकॉल पांढरा दिसत होता.

तांबटाच्या कपाळाला गोल भोक,
त्यात ब्याण्णव सालचा 'खाडा',
शेवटचा काना तुटलेला.

आरशावर अजून दहा होत्या.
मी उठलेच होते आणायला,
मग बसले.
कोपऱ्यात पेन्सिलीने तारीख टाकली.
वही मिटेना, पायांची तार आडवी येत होती,
म्हणून वर वरवंटा ठेवला.

टुक् टुक् टुक्.

"ठेवलीस का गं दाराशी?"

स्टीलचं दुधाचं पातेलं होतं घासलेलं.
तेच नेऊन
उंबऱ्याबाहेर ठेवलं,
पालथं.