लांबी

काच : घसारा शून्य.
फायबर : तीस टक्के.
रबर, प्लास्टिक, टायर, बॅटरी : निम्मे गेले.
पत्र्याचं मात्र वय विचारायचं.
सहा महिन्यांपर्यंत काही नाही,
पुढे पाच, दहा, पंधरा, मग एकदम पंचवीस.
इथे मी दरवेळी अडखळते.
वीस का नाही, ते पुस्तकात दिलेलं नाही.
आई खळ्यात बिरंडं फोडत बसलेली,
तिला वाटतं पोर पाढे म्हणते.
"पंचवीसच्या फुडे?"
पस्तीस, आई.

परकार सरांकडे वर्षभराची उमेदवारी.
सर गाडीपाशी पहिली दहा मिनिटं बोलत नाहीत.
चॅसी नंबरवर कागद धरायचा, पेन्सिल आडवी फिरवायची,
आकडे वर येतात
ओहोटीला खडपं उघडी पडावीत तसे.
"मालक काय सांगतो ते ऐक,
गाडी काय सांगते तेही.
आधी गाडीचं."

एप्रिलमध्ये तीन गाड्यांवर नारळ पडले.
एका मालकाने तो नारळ
पुरावा म्हणून डिकीत जपून ठेवला होता,
सरांनी त्याचाही फोटो काढायला लावला.
नारळ क्लेममध्ये बसतो.
गंज बसत नाही.
गंज म्हणजे अपघात नव्हे, सर म्हणतात,
गंज म्हणजे पत्ता.
वेंगुर्ला बंदरावरची कुठलीही गाडी
खाली वाकून बघा, विटकरी.

मग इनास फर्नांडिसचा टेम्पो.
उभादांड्याच्या वळणावर गडग्याला घासलेला,
डावा दरवाजा, आरसा, इंडिकेटर,
ओरखड्यांत जांभ्याची लाल पूड,
मागून बर्फाचं पाणी अजून ठिबकत होतं.
"रेडो आडवो इलो," इनास म्हणाला.
रेडा पुढे कुठे गेला
ते कुणी विचारलं नाही.

मी बोटाच्या पेराने दरवाजा वाजवत गेले.
टण. टण. टण.
ठप्प.
लोहचुंबक लावलं, ते घसरून चिखलात पडलं.
रंगाचा कपचा नखाने उचलला, खाली लांबी,
लांबीवर पॉलिश पेपरच्या रेघा,
तिरक्या,
उलट्या बाजूने तिरक्या.

कुडाळपासून इथपर्यंत
डावखुरा डेंटर एकच.
त्याच्या शेजारी बसून मी लांबी कालवलीय,
हार्डनर करंगळीच्या नखाएवढं, जास्त नको, तडकते.
काही झालंच नव्हतं असं दिसावं
हे त्याचं सगळं कसब.
आणि माझं,

"काय?" सर मागे उभे.
"जुनं काम आहे. आधीचा ठोका.
आताच्यात धरता येणार नाही."
"किती?"
"दरवाजाचा खालचा भाग. पाऊण फूट."
सरांनी चष्मा कपाळावर सारला, जवळून पाहिलं.
"सुबक आहे. कुणी केलंय?"
मी टेप गुंडाळत राहिले.
फॉर्मात त्याला रकाना नाही.

इनासने मला बारशाला पाहिलेलं.
निघताना पिशवीत चार बांगडे घालून देत होता,
सरांनी नुसती मान हलवली,
त्याने ते परत बर्फात ठेवले, एकेक करून.

रात्री बाबा न्हाणीत हात धूत होता,
आधी रॉकेल, मग साबण, मग पुन्हा रॉकेल.
"इनासाचो वाजलो?"
"ठप्प वाजलो."
तो हसला.
"पैशे कमी दिल्यान, म्हणान जाड लावलंय."
पाणी जरा वेळ वाहत राहिलं.
"नि लिवलंस?"
"लिवलंय."

जेवताना कुणी फारसं बोललं नाही.
कढी वाढता वाढता आईनेच काढलं,
"पस्तीसच्या फुडे काय गो?"
माझ्या तोंडात घास.
"चाळीस," बाबा म्हणाला, ताटातून वर न बघता,
"मगे पन्नास.
त्याच्या फुडे पन्नासच,
कितीय जुनी असांदे."