येत्या नाताळात

छत्तीस वर्षं मी बेव्हर्लीत टपाल वाटलं.
पत्रं होतीच, पण खरं सांगायचं तर
निम्मी पिशवी जाहिरातींची:
गालिचे, कवळ्या, अर्ध्या किमतीत खिडक्या.
लोक दारातच वाचायचे, दारातच चुरगळायचे
आणि माझ्याकडे असं बघायचे
जसा काही गालिचा मीच विणलाय.

निवृत्त झालो, आणि आता जाहिराती विकत घेतो.
म्युरिएल म्हणते, देव हिशोबाला पक्का आहे.

सगळ्या एकाच दुकानाच्या.
'विधवा टॅनफिल्ड आणि मुलगा, पुलाजवळ, हल.'
लहान मुलांची पुस्तकं,
साधी एक पेनी, रंगीत दोन.
तळहाताएवढे कागद, अठराशे सातपासूनचे,
ओळी किंचित उजवीकडे कललेल्या.
मुलगा घाईत छापत असावा.

पुस्तकं थोडीफार जपली लोकांनी.
पत्रक कोण जपतं?
ते सापडतं, ते दुसऱ्याच नोकरीला लागलेलं:
एक घड्याळाच्या पेटीत, दार घट्ट बसावं म्हणून घडी घालून.
एक बटणांच्या डब्याच्या तळाशी.
एकात चीज बांधलेलं होतं; उजेडात धरलं
की दोनशे वर्षांनीही मधोमध तेलकट खिडकी उघडते
आणि तिच्यातून पलीकडची अक्षरं उलटी डोकावतात.
एकाच्या पाठीवर कुणी मेणबत्त्यांचा हिशोब मांडलाय.
सात आणि आठ, चौदा.
ते मी चौकटीत लावलंय, पाठ पुढे करून.

रंग मुलंच भरायची म्हणे, लांब टेबलाभोवती बसून.
एकाच्या हातात फक्त लाल, दुसरीच्या फक्त हिरवा,
कागद सरकत जायचा.
माझ्याकडच्या बदकाच्या डोक्यावर
एक हिरवा अंगठा उमटलाय,
माझ्या करंगळीच्या नखाएवढा.
त्या हिरव्यात तेव्हा विष असायचं,
विकताना पॉकलिंग्टन म्हणाला,
आणि अंगठ्याचे वीस पौंड जास्त लावले.
मी दिले.

यादीत काय काय:
बदकाचं मृत्युपत्र.
शहाण्या सुझनाचा रविवार.
बटणं मोजणारा राजपुत्र.
आणि अगदी तळाशी, जाड ठशात,
'धुराड्यातून चंद्रावर. सोळा चित्रांसह.
येत्या नाताळात.'

पुढच्या वर्षीच्या पत्रकावर तेच. येत्या नाताळात.
त्याच्या पुढच्यावर चित्रं चोवीस झालेली,
आणि किंमत अजून दोनच पेनी.
चौथ्यावर: 'आमच्या बालमित्रांनी धीर धरावा.'

ते पुस्तक कुठेच नाही.
लिलावांच्या याद्या पाहिल्या, ग्रंथालयांना पत्रं लिहिली,
तिकीट लावून, हातानं पत्ता घालून.
सगळ्यांची उत्तरं आली, सभ्य आणि नकाराची.

मग गेल्या मार्चमध्ये, ड्रिफील्डच्या बाजारात,
पाचवं मिळालं. अठराशे बारा.
बदक आहे. सुझना आहे. राजपुत्र आहे.
वर दुकानाचं नाव: 'विधवा टॅनफिल्ड',
आणि पुढे तीन बोटं कोरी जागा.
बाईनं अक्षरं काढली,
उरलेली मधोमध आणली नाहीत.
ओळी मात्र सरळ, अगदी सरळ.

त्या रात्री मी म्युरिएलला सांगितलं,
जे पोस्टात कुणाला कधी सांगितलं नव्हतं:
एक्याऐंशीच्या डिसेंबरात, गुडघाभर बर्फात,
खेळण्यांच्या दुकानाची चारशे पत्रकं
मी ओढ्याच्या पुलाखाली टाकली
आणि घरी येऊन मोजे वाळत घातले.
ती काही बोलली नाही.
माळ्यावर गेली, माझी जुनी पिशवी घेऊन आली
आणि अस्तराच्या उसवलेल्या शिवणीतून
दोन बोटांनी एक ओढून काढलं.
लाल आगगाडी, चावीची.
'फक्त या नाताळात.'

तुला ठाऊक होतं?
'पिशवी कोण शिवत होतं?' ती म्हणाली.

मी ते टॅनफिल्डच्या पेटीत ठेवलंय,
पाचव्याच्या मागे,
पातळ कागदात गुंडाळून.