ओपन स्पेस

माझ्या टेपचा पहिला फूट तुटलेला आहे,
म्हणून मी एकापासून मोजतो
आणि शेवटी एक वजा करतो, तोंडी.
नऊ वर्षं झाली. नव्या टेपची फाईल
पालिकेत तिसऱ्या मजल्यावर आहे,
तिथून खाली यायला तिला लिफ्ट मिळत नाही.

पाथर्डी फाट्याच्या मागे
बावीस मजले वर गेलेत, चार जायचेत.
दहा टक्के जागा मोकळी सोडायची असते.
सोडली आहे :
एक त्रिकोण,
ताटात उरलेल्या पापडाच्या तुकड्यासारखा.
एका टोकाला ड्रेनेजचं झाकण,
दुसऱ्या टोकाला डीपी,
तिसरं नुसतंच टोकदार.
आमच्याकडे आराखड्यालाही डीपी म्हणतात,
वायरींच्या त्या गुणगुणत्या पेटीलाही.
तो डीपी या डीपीपाशी येऊन संपतो.

नकाशात इथे हिरवा रंग आहे,
रेषेच्या जरा बाहेर गेलेला.
कुणा नव्या पोरीचा हात असणार, अजून उदार.

पुंजाबा ढेमसे अनवाणी खाली आले.
जमीन त्यांची होती. आता तिच्यावर
त्यांचे दोन फ्लॅट, अकराव्या मजल्यावर, समोरासमोर.
या दारातून त्या दारातल्या सुनेला चहा सांगता येतो.
मला वाटलं, आता द्राक्षबागेचं काढतील,
डोळे पुसतील, मला घड्याळ बघावं लागेल.
म्हणाले, "गेली ते बरं झालं, साहेब.
डावणी, भुरी, पहाटे तीनला फवारा,
नाकात औषध अन् व्यापाऱ्याचा चेक परत.
आता झोपतो मी."
मग पायाच्या अंगठ्याने माती उकरत :
"फक्त इथं एक नळ लिहा.
ठिबकचा व्हॉल्व्ह होता इथं.
सवय आहे मला, इथं वाकायची."

फॉर्मवर नळ नाही.
फॉर्मवर आहे बाक, पायवाट, लॉन, ओपन जिम,
आणि सेल्फी पॉइंट, त्याला वेगळा निधी.
मी समासात लिहिलं : नळ.
समास कुणी वाचत नाही
पण तो स्कॅन होतो.

वर क्रेनच्या काचेच्या खोलीत बुधन आहे, सिमडेग्याचा.
सकाळी सातला चढतो, जेवणाचा डबा दोरीने जातो.
त्याला पांडवलेणीचा डोंगर दिसतो, गंगापूरचं पाणी दिसतं,
सगळ्या नाशिकच्या टाक्यांची झाकणं दिसतात,
कुणाची उघडी, कुणाची दगड ठेवून बंद.
गावाचा चेहरा त्याने अजून पाहिलेला नाही,
फक्त टाळू.

त्याच्या क्रेनच्या लांब हाताची सावली
दुपारी या त्रिकोणावर पडते,
आणि तीच पोरांची बाउंड्री.
सळया बांधणाऱ्यांची पोरं, बी विंगमधली पोरं,
बॅट सोसायटीची, बॉल लेबर कॅम्पचा.
बुधनने सिमेंटची बादली उचलली
की बाउंड्री सरकते,
आऊट झालेला नॉट आऊट होतो,
भांडण होतं, अन्वय रडतो,
सुगंती कमरेवर हात ठेवून
वर ओरडते, "मामा, रोको ना!"
एवढ्या उंचीवर ऐकू जात नाही.
तरी एकदा हात थांबला होता म्हणे,
पूर्ण एक ओव्हर.
साइट इंजिनिअरने शिट्टी फुंकून फुंकून गाल दुखवून घेतले.

साडेचारला बिल्डिंगची सावली येते
आणि खेळ, क्रेन, झाकण, मी, सगळं झाकून टाकते.
इथे लॉन जगणार नाही, मला माहीत आहे.
निविदा लॉनचीच निघेल, तेही माहीत आहे.

शेवटचा रकाना : जागेचा सध्याचा वापर.
हात सवयीने चालला, 'निरं—' लिहूनही झालं होतं,
तेवढ्यात बुटाला बॉल लागला.

"काका, पाय उचला, तुमच्यामागे चौका आहे."

मी पाय उचलला.
टेप हातातून सुटून सर्रकन आत गेली.
एका पायावर उभा राहिलो,
किती वेळ, मोजलं नाही.