पट्टी

नाव सांगितलं की समोरचा जरा थांबतो.
"हे नक्की कुठं आलं?"
यादीत वर नाही. खाली आहे,
जिथवर बोट सरकवायचा कंटाळा येतो तिथं.

श्रेणिकदादा म्हणाला, मोठ्या ठिकाणी वेटिंगवर आहेस,
थांब की वर्षभर. नाव आयुष्यभर पुरतं.
त्याचं नाव खरंच मोठं आहे.
फोनवर मात्र तो
भडंगाबद्दलच बोलत राहतो.

अण्णा मार्केट यार्डात तोलाईला.
ते काही बोलले नाहीत.
खिशातलं हळकुंड मोडलं
आणि आतला रंग बघत बसले,
उगाच, सवयीनं.

अर्जात मी पुराबद्दल लिहिलं होतं.
बाकीच्यांनी गुण विचारले.
या आडगावच्या बाईंनी विचारलं,
तुमच्या पुलावर पाणी कोण मोजतं?
आणि रात्री तो आकडा कोण वाचतं?

मग मी चार पानं लिहिली.
आयर्विनची पट्टी, पंचेचाळीस फूट,
गाद्या माळ्यावर टाकताना
आईचं मोठमोठ्यानं पायऱ्या मोजणं,
हरिपूरच्या घरात भिंतीवर राहिलेली गढूळ रेघ.
दोनदा चुना मारला, तरी दिसते.

त्यांच्या गावातही नदी आहे म्हणे. एकच.
हिवाळ्यात गोठते.
फी निम्मी. वर्गात अकरा जण.

काल बँकेच्या फॉर्मवर
ते नाव आधी पेन्सिलनं लिहिलं,
स्पेलिंग दोनदा चुकलं.
अण्णांनी चष्मा लावून एकेक अक्षर तपासलं,
काट्याची पावती तपासतात तसं.
म्हणाले, "हं.
आता पेननं लिही."