अर्धा मिलिमीटर

बेथेस्डात चेरी फुलते ती दवंडी पिटून.
सगळी गल्ली गुलाबी. पोस्टमन थांबतो,
शाळेची पोरं फांद्या गदागदा हलवून घेतात,
आणि आठव्या दिवशी सगळा बार
माझ्याच दाराशी, गटाराच्या जाळीवर.
मी झाडते. वैतागून झाडते.

झाड शेजारच्या एल्युनेडचं. तिला त्याचं कौतुक नाही.
इद्वलनं लावलेलं, म्हणून तोडत नाही, एवढंच.
तिचा जीव दगडावर.
परसातल्या कुंपणाच्या भिंतीवर एक डाग आहे,
पिवळट हिरवा, काठाला काळी रेघ,
जुन्या नकाशातल्या लहानशा संस्थानासारखा.
दर मार्चमध्ये ती इद्वलचा खाणीतला व्हर्नियर आणते,
गुडघ्यांखाली उशी घेते, मोजते, वहीत लिहिते.
वर्षाला अर्धा मिलिमीटर.
एखाद्या वर्षी तेवढाही नाही.

म्हणाली, हा एक जीव नव्हे, दोन आहेत.
बुरशी आणि शेवाळ. एक छप्पर धरतं, दुसरं रांधतं.
मी म्हटलं, आमच्यात याला संसार म्हणतात.
मग म्हटलं, आणि आम्ही हे खातो.
तिनं चष्मा काढला.

लेस्टरहून मागवलेली दगडफुलाची पुडी तिच्यापुढे ओतली.
काळपट, चुरगळलेलं, जळक्या कागदासारखं;
नावात फूल, अंगात फुलाचं काही नाही.
हुंगून म्हणाली, धूळ.
थांब म्हटलं, आणि कढईत तेल टाकलं.
वास सुटला तेव्हा ती खिडकीपाशी होती.
वळली नाही.
इद्वलचा कोट, म्हणाली. कामावरून आल्यावरचा.
गोडा मसाला त्या दिवशी थोडा करपला.

रविवारी तिच्यासोबत चॅपलमागे गेले.
सगळ्या गावाला इथे पाटीचाच दगड, डोक्यावर छपराला
आणि मग उशाशी.
लोक ब्रश आणून आपापली माणसं घासतात.
इद्वलची पाटी नऊ वर्षांची, अजून कोरी.
ती डाग पडायची वाट बघते.

आज नावाच्या खाली एक फिकट ठिपका.
ती वाकली. मीही.
पाकळी होती. आमच्याच गल्लीतली की कुठली,
ओल्या दगडाला घट्ट चिकटलेली.
नखानं सोडवून तिनं ती कोटाच्या खिशात टाकली,
फेकली नाही.
अजून नाही, म्हणाली.
तरी वही उघडली, तारीख घातली,
आणि पुढे शून्य काढलं,
सावकाश, काठाला दोनदा गिरवून.