उणे अठरा

सोहार बंदराबाहेरच्या आमच्या कचेरीत
एसीच्या रिमोटवर एक चिठ्ठी चिकटवलेली आहे:
"चोवीसच्या खाली नेऊ नये."
अक्षर माझंच.
चार वर्षांपूर्वीचं, शाल पांघरून बसायचे तेव्हाचं.

आता अकराच्या सुमाराला
पाठीच्या कण्यात कुणीतरी स्टोव्हला पंप मारतं,
भडका कानांपर्यंत येतो.
मी बिल ऑफ लेडिंगने वारा घेते,
म्हणते, उकडतंय ना आज.
बाहेर सेहेचाळीस.
आतले सगळे स्वेटरमध्ये. कुणी हो म्हणत नाही.

सोमवारच्या मीटिंगमध्ये शब्द गेला.
बावीस वर्षं रोज टाइप केलेला,
कंटेनर मुदतीपलीकडे पडून राहिला की लागतं ते.
तोंडात त्याची जागा होती,
पडलेल्या दाताची असते तशी,
आणि जीभ जाऊन जाऊन चाचपत होती.
"ते आपलं... ते दंडाचं भाडं..."
"डेमरेज," जेबिन म्हणाला. हळूच,
बसमध्ये उठून जागा द्यावी तसा.
याला कामाला लावलं तेव्हा
कॉमा कुठे द्यायचा तेही मी शिकवलेलं.

तेव्हापासून मी मीटिंगमध्ये पाणी पिते.
ईमेल पाठवण्याआधी चारदा वाचते,
पाचव्यांदा वाचताना बरोबर असलेलं खोडते.

पाळी गेली आणि रात्रपाळी लागली.
अडीचला उठायचं, गाऊन बदलायचा, उशी उलटी करायची.
श्रीकांत शेजारी कानटोपी घालून झोपलेला,
ओमानमध्ये, जुलैत.
खिडकीतून रिफायनरीची ज्योत दिसते.
तीही रात्रभर जळते,
तिला कुणी योगासनं सुचवत नाही.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, रजोनिवृत्ती.
शब्द मोठा सुबक.
निवृत्ती आहे, पण ग्रॅच्युइटी नाही,
निरोपाची भाषणं नाहीत, शाल-श्रीफळ नाही.
शाल तर नकोच.

काल रीफर उघडायचा होता.
गोठवलेली सुरमई, उणे अठरा,
कस्टमची बद्रिया आणि मी.
दार उघडलं तसा पांढरा धूर अंगावर आला
आणि नेमका तेव्हाच आतून भडका.
बद्रिया जॅकेट शोधत होती.
म्हटलं, राहू दे, मी मोजते.

खोक्यांच्या फटीत उभी राहिले.
कपाळावरचा घाम जागच्या जागी गार.
एकशे बारा, एकशे तेरा.
आकडे एकेक करून येत होते, शहाण्या मुलांसारखे,
कुणी मागे राहत नव्हतं.
एकशे चौदाव्या खोक्यावर लॉट अडुसष्ट,
जेबिनच्या यादीत शहाऐंशी.
लगेच ओरडले नाही.
ती चूक थोडा वेळ जवळच ठेवली,
गालाला बर्फ धरावा तशी.

बाहेर आले तर बद्रिया घड्याळ बघत होती.
"फिरिंदा," ती म्हणाली (वृंदा तिला जमत नाही),
"आमच्या भाषेत या वयाला निराशेचं वय म्हणतात."
मग इकडेतिकडे बघून, हिजाबची कड सैल करत,
"मागच्या उन्हाळ्यात मी एक कोळंबी तीनदा मोजली."

आम्ही इतक्या हसलो
की फोर्कलिफ्टवाल्याने हॉर्न दिला.

आज चिठ्ठी काढायला गेले. नखाने निघेना.
अर्धी फाटली, "नेऊ नये" तेवढं राहिलं.
असू दे. बावीस केलं.

तीन वाजता मीटिंग आहे.
तळहातावर पेनाने लिहून ठेवलंय, डेमरेज,
दहावीला नापास होणारी मुलं लिहितात तसं.
घामाने पुसलं जाईल, ठाऊक आहे.
पुसलं गेलं तर सरळ विचारीन,
जेबिन, काय रे तो शब्द?
आणि त्याने सांगितला
की पुढचं वाक्य त्याला देणार नाही.